सोलापुरात शॉर्टफिल्मचा आउटडोअर सीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या स्पर्धा आणि प्रोजेक्टचे दिवस जवळ आले की विद्यार्थ्यांचे प्रश्न येऊ लागतात. वर्ष बदललं तरी प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. आमचं एक ठाम मत सगळ्या उत्तरांत दिसेल: सोलापुरात बाहेर शूट करताना कॅमेऱ्याआधी घड्याळ बघावं. ऊन आणि आवाज यांच्या वेळा ओळखून सीन बांधला तर साधा मोबाइलही पुरतो.

१. आमची पहिलीच फिल्म आहे. सीन बाहेर घ्यावा की घरातच उरकावा?

बाहेर घ्या. घरातल्या खोलीत उजेड पुरत नाही, कॅमेरा मागे न्यायला जागा नसते, आणि भाड्याचे लाइट आणले की बजेट तिथेच संपतं. मात्र पहिल्या वेळी एक जागा, दोन पात्रं आणि दोन-तीन पानांचा सीन इतकंच ठेवा. ‘आधी सात रस्त्यावर भेटतात, मग तलावावर जातात, मग शेतात भांडतात’ असं लिहिलं असेल तर या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घडवता येतात का ते पाहा. जागा बदलली की सामान आवरायचं, गाड्या काढायच्या, पुन्हा सगळं मांडायचं. यात तास-दीड तास जातो आणि तोवर ऊन कुठल्या कुठे सरकलेलं असतं.

२. रेकी म्हणजे जागा बघून येणंच ना? फोटो पाठवले तर चालत नाही का?

फोटोत जागा दिसते, आवाज ऐकू येत नाही. रेकीला दिग्दर्शक, कॅमेरा बघणारा आणि आवाज बघणारा असे तिघं तरी जा, आणि ज्या वारी, ज्या वेळी शूट करायचं त्याच वारी, त्याच वेळी जा. रविवारी सकाळी शांत वाटलेली गल्ली सोमवारी शाळेच्या रिक्षांनी भरलेली असते. आठवडी बाजाराच्या दिवशी तर ती ओळखूही येत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून त्या भागात पाणी कधी सुटतं तेही विचारून घ्या. पाण्याच्या दिवशी घरोघरी मोटारी चालू असतात, रस्ता ओला असतो आणि कुणाकडे तुमच्यासाठी वेळ नसतो.

जागेवर पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहा. काय काय ऐकू येतं ते वहीत लिहा. मग मोबाइलचा कंपास काढून पूर्व-पश्चिम बघा आणि सीनमधली माणसं कुठे उभी राहतील ते जमिनीवर ठरवा. सावली, पार्किंग, पिण्याचं पाणी, बाथरूम आणि जागेचा मालक कोण, या पाच गोष्टी कळल्याशिवाय तिथून निघू नका.

३. दिवसातली कोणती वेळ धरायची?

उन्हाळ्यात सकाळी सूर्य उगवल्यापासून साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. हिवाळ्यात मुभा खूप जास्त आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी साडेबाराच्या थोडं आधी. तेव्हा भुवयांची सावली डोळ्यांत पडते, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात आणि नट कितीही चांगला असला तरी त्याचं काम पोचत नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. ऊन तिरपं येतं, चेहऱ्याला आकार देतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दिवसभर काम करता येतं आणि मे महिन्यात मधले सात-साडेसात तास सोडूनच द्यावे लागतात.

आणखी एक गोष्ट. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. जानेवारीत रेकी करून ‘ही भिंत दिवसभर सावलीत असते’ असं लिहून ठेवलं आणि शूट जूनमध्ये गेलं, तर ती उत्तरेकडची भिंत भर दुपारी उन्हात सापडेल.

सूर्योदय जानेवारीत सातच्या आसपास होतो आणि मे महिन्यात सहाच्या आत. सूर्यास्त जानेवारीत सहा-सव्वासहाला आणि मे महिन्यात पावणेसातनंतर. संध्याकाळच्या सोनेरी उजेडाबद्दल युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओंत ‘एक-दीड तास मिळतो’ असं सांगतात. आपल्याकडे सूर्य झपाट्याने खाली जातो, त्यामुळे खरा सोनेरी उजेड पाऊण तासच धरा. त्या पाऊण तासात चार शॉट होतात, दहा नाही. कोणते चार ते आदल्या दिवशी ठरवा.

४. वर्षातला कोणता महिना बरा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आकाश मोकळं असतं, ऊन सोसवतं आणि रब्बीची ज्वारी उभी असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही. आधी वावटळ, मग धूळ, मग पाऊस असा क्रम असतो. सप्टेंबर हा इथला सर्वांत भरवशाच्या पावसाचा महिना, त्यामुळे गणपतीच्या आसपासची तारीख धरू नका. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात माळ हिरवे असतात, ते ज्यांना हवेत त्यांनी जरूर जावं. फक्त काळ्या रानात उतरण्याआधी दोन दिवस कोरडे गेले पाहिजेत. ओली काळी माती स्टँडच्या पायांना, चपलांना, गाडीच्या चाकांना धरते आणि सोडत नाही.

सणांचं कॅलेंडर समोर ठेवा. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि गणेशोत्सव या दिवसांत रस्ते मिरवणुकांचे असतात आणि पोलीस बंदोबस्तात. आषाढीला जिल्ह्याची निम्मी यंत्रणा पंढरपुरात असते. अशा वेळी परवानगीचा अर्ज तसाच पडून राहतो.

५. आमच्याकडे फक्त मोबाइल आहे. त्याच्यावर सिनेमासारखं दिसेल का?

दिसेल, पण मोबाइलला स्वतःच्या मनाने काही ठरवू देऊ नका. एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते), फोकस आणि रंगाचा तोल (व्हाइट बॅलन्स) हे तिन्ही लॉक करा. नाहीतर पांढऱ्या शर्टाचा माणूस मागून गेला की अख्खी फ्रेम काळवंडते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड आत येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हे जुळतं आणि दिव्यांखाली चित्र लुकलुकत नाही.

आता अडचण अशी की भर उन्हात १/५० शटर ठेवलं तर चित्र पांढरं फट्ट पडतं. त्यासाठी एनडी फिल्टर लागतो, म्हणजे लेन्ससाठी काळा चष्माच. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे ते) १०० आणि शटर १/५० असताना कडक उन्हात बरोबर उजेड साधारण एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान केल्यावर मिळतो. तुम्हाला मागचं धूसर हवं म्हणून एफ ४ वर, म्हणजे मोठ्या छिद्रावर यायचं असेल तर पाच स्टॉप कापावे लागतात (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजे एनडी ३२. हा हिशेब डीएसएलआरचा. बहुतेक मोबाइलचं छिद्र लहान-मोठं करता येत नाही, म्हणून मोबाइलला क्लिप लावायचा एनडी घ्या किंवा सीन सावलीत आणा. फिल्टर नसेल तर शटरचा वेग वाढवायला हरकत नाही. फक्त धावपळ आणि मारामारी तुटक दिसते, बसून बोलण्याच्या सीनला काही होत नाही.

मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा, आणि दोन टेकच्या मध्ये सावलीत. उन्हात तापलेला मोबाइल कॅमेरा आपोआप बंद करतो. तो थंड करायला थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवू नका, लेन्सच्या आत वाफ धरते. स्टोरेज किती लागेल हे कळायला घरी एक मिनिट शूट करून फाइल बघा आणि त्यावरून गुणाकार करा.

६. चेहरा काळा येतो आणि आकाश पांढरं. लाइट भाड्याने आणावेत का?

दिवसा नको. सूर्यापुढे छोट्या एलईडीचं काही चालत नाही. पात्राला अशा दिशेने वळवा की सूर्य त्याच्या पाठीमागून तिरका येईल, आणि समोरून थर्माकोलचा मोठा पांढरा शीट धरा. चेहरा उजळतो, केसांना कड मिळते आणि डोळे मिचकावावे लागत नाहीत. चांदीचा रिफ्लेक्टर जवळून मारू नका, नटाचे डोळे पाणावतात.

ऊन फारच कडक असेल तर पातळ पांढरी चादर चार जणांनी डोक्यावर ताणून धरायची. सावली मऊ होते. ही चादर पातळच हवी. आपली जाड सोलापुरी चादर उजेड आडवते, तिचा उपयोग पुढच्या उत्तरात आहे. चादर दिसू नये म्हणून हे क्लोजअपलाच (नुसता चेहरा दिसतो त्या शॉटला) करा. वाइड शॉट, म्हणजे ज्यात सगळी जागा दिसते ते, सकाळी किंवा संध्याकाळी उरका.

७. एडिटला बसल्यावर संवाद ऐकूच येत नाहीत. काय चुकतं?

विद्यार्थ्यांच्या फिल्म चित्रापेक्षा आवाजाने जास्त पडतात. अस्पष्ट चित्र प्रेक्षक सोसतो, न कळणारं वाक्य सोसत नाही. कॅमेऱ्याचा किंवा मोबाइलचा माइक पात्रापासून दहा फुटांवर असतो आणि तेवढ्या अंतरात अख्खं शहर शिरतं.

उपाय स्वस्त आहे. दुसरा मोबाइल रेकॉर्डर म्हणून वापरा. त्याला कॉलर माइक किंवा साधा इअरफोनचा माइक लावून शर्टाच्या आत छातीजवळ चिकटवा आणि मोबाइल खिशात ठेवा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवा, एडिटमध्ये तीच टाळी चित्र आणि आवाज जुळवायला लागते. माइकवर वारा बसू नये म्हणून लोकरीचा तुकडा किंवा मऊ केसाळ कापड गुंडाळा. माळावर दुपारी वारा असतोच. भिंतीजवळ आवाज घुमत असेल तर फ्रेमच्या बाहेर दोन सोलापुरी चादरी टांगा. इतकं जाड सुती कापड प्रतिध्वनी चांगला शोषतं आणि ते आपल्याकडे घरोघरी आहे.

जागा आवाजावरून निवडा. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांची खटखट गल्लीगल्लीत असते. ती पार्श्वभूमी म्हणून अस्सल आहे, पण कुजबुजत्या संवादाच्या मागे नको. मागवाल्यांना ‘थोडं बंद करता का’ असं विचारू नका, त्यांची मजुरी त्या खटखटीवर चालते. जेवणाच्या सुट्टीची वेळ विचारा आणि तेव्हा संवाद घ्या. अजान, आरती, शाळेची घंटा यांच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या वहीत लिहा आणि तेवढा वेळ थांबा.

पॅकअपच्या आधी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि त्या जागेचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करायचा. कट जोडताना मधल्या फटी त्याने भरतात. मग सगळे संवाद कॅमेऱ्याशिवाय, माइक तोंडाजवळ धरून, एकदा म्हणवून घ्या. डबिंगची वेळ आली तर हेच रेकॉर्डिंग वाचवतं.

८. एका दिवसात किती शॉट धरावेत, आणि कोणत्या क्रमाने?

नवीन टीमने बारा ते पंधरा. आधी वाइड, मग दोघांचे मिड (कमरेपासून वर), शेवटी क्लोजअप. वाइडमध्ये उजेड बदललेला लगेच दिसतो, क्लोजअपमध्ये थर्माकोलने निभावता येतं. संवादाचा क्रम सोडून द्या. एका बाजूने घ्यायचे सगळे शॉट एकदम घ्या, मग कॅमेरा दुसऱ्या बाजूला न्या.

एका पात्रापासून दुसऱ्या पात्रापर्यंत एक रेघ आहे असं धरा आणि सगळे शॉट त्या रेघेच्या एकाच बाजूने घ्या. रेघ ओलांडली की एकमेकांशी बोलणारी माणसं एकाच दिशेला बघताना दिसतात. रेकीलाच खडूने ही रेघ आखून ठेवावी. बाहेर दिशा ओळखायला भिंती नसतात, त्यामुळे घोटाळा लवकर होतो.

९. टीममध्ये किती जण लागतात?

नट सोडून सात-आठ. दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, कंटिन्युइटी, थर्माकोल धरायला दोघं आणि लोकांशी बोलायला एक. वीस जण आले तर बारा जण रील बनवतात आणि गर्दी तेच जमवतात. कंटिन्युइटीचं काम, म्हणजे एका शॉटमधल्या गोष्टी पुढच्या शॉटशी जुळतात का ते बघणं, ‘जो मोकळा असेल त्याला’ देऊ नका. गळ्यातली ओढणी, घड्याळ, चहाच्या कपातली पातळी, घामाने भिजलेली पाठ या सगळ्याचे फोटो प्रत्येक शॉटनंतर घेणारा माणूस बारीक नजरेचा लागतो.

१०. रस्त्यावर किंवा चौकात शूट करायला परवानगी लागते का?

हातात मोबाइल धरून दोघं-तिघं काही टिपत असाल तर सहसा कुणी अडवत नाही. स्टँड, माइक, थर्माकोल आणि माणसांचा घोळका आला की परवानगी काढूनच जा.

कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करा. तारीख, वेळ कुठून कुठपर्यंत, नेमकी जागा, माणसं किती, सामान काय, रहदारीला अडथळा करणार नाही हे वाक्य, जबाबदार शिक्षकांचं नाव आणि नंबर, एवढं त्यात हवं. सीनचा चार ओळींचा गोषवारा जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक शिक्का मारून पोच घ्या आणि शूटच्या दिवशी ती पोच आणि परवानगीचं पत्र खिशात ठेवा. ‘साहेबांना फोनवर सांगितलंय’ यावर रस्त्यावरचा हवालदार काय करणार?

अर्ज कुठे द्यायचा यात पुष्कळांची गल्लत होते. शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तालय आहे, हद्दीबाहेर सोलापूर ग्रामीण पोलीस. गावाबाहेरचा माळ किंवा ढाबा निवडला असेल तर तो कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतो ते आधी विचारा. रहदारीचा रस्ता असेल तर वाहतूक शाखेलाही प्रत द्या. बाग, मैदान, महापालिकेची इमारत असेल तर महापालिकेकडे जावं लागतं. सरकारी जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजनाही आहे. खासगी शेत, वाडा, दुकान असेल तर मालकाची ना हरकत लेखी घ्या, कितीही ओळखीचा असला तरी. पंधरा दिवस आधी सुरुवात करा.

आणि आधी आपल्याच कॉलेजचं आवार नीट बघा. केगावला विद्यापीठात शिकणाऱ्यांना तर मोठं मोकळं आवार लाभलंय. एका अर्जावर काम होतं आणि बाथरूम, पाणी, सावली सगळं तिथेच.

११. भुईकोट किल्ल्यात शूट करता येईल का? तटबंदी फार सुंदर दिसते.

किल्ला केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे संरक्षित स्मारक म्हणून आहे. तिथे कथापट चित्रित करायला पोलिसांची किंवा महापालिकेची परवानगी पुरत नाही, त्याच विभागाची लेखी परवानगी लागते, तिचं शुल्क वेगळं असतं आणि वेळही लागतो. फिरायला आलेल्याने हातात कॅमेरा धरून टिपणं वेगळं, आणि नट, स्टँड, माइक घेऊन उतरणं वेगळं. महिनाभर हाताशी नसेल तर किल्ल्याचा हट्ट सोडा. संवाद दुसऱ्या एखाद्या दगडी भिंतीपाशी घ्या आणि तट दुरून, बाहेरच्या सार्वजनिक जागेवरून एका वाइडमध्ये दाखवा.

१२. सिद्धेश्वर मंदिर आणि तलावाच्या काठी? गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत एखादा शॉट?

मंदिराच्या आवारात देवस्थान समितीची परवानगी घ्या आणि गाभाऱ्याचा विचार करू नका. तलावाच्या काठचा पहाटेचा उजेड शहरात सर्वांत देखणा आहे असं आम्हाला वाटतं. पाण्यात मंदिराचं प्रतिबिंब वारा सुटण्याआधीच स्थिर असतं, म्हणून सूर्योदयाला कॅमेरा लागलेला हवा.

गड्ड्यात संवादाचा सीन घेऊ नका, ते जमत नाही. दिवे, पाळणे, होम मैदानावरची गर्दी यांत तुमचं एक पात्र चालताना दाखवायचं असेल तर मोबाइल, दोन माणसं आणि दहा मिनिटं इतकंच. आवाज नंतर भरा. नंदीध्वजांची (उंच, सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक हा लोकांच्या श्रद्धेचा आणि मेहनतीचा भाग आहे. मानकऱ्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही, ‘पुन्हा एकदा या’ असं म्हणायचं नाही. यात्रेआधी काही आठवडे नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो. विचारून गेलात तर ती मंडळी प्रेमाने बघू देतात, आणि पडद्यावर तो सराव फार बोलका दिसतो.

१३. रेल्वे स्टेशनवर निरोपाचा सीन आहे. प्लॅटफॉर्म तिकीट काढून गेलो तर?

तिकिटाने तुम्हाला प्लॅटफॉर्मवर उभं राहता येतं, शूट करता येत नाही. रेल्वेची परवानगी लागते. मध्य रेल्वेचं विभागीय कार्यालय सोलापुरातच आहे, तिथे चौकशी करा. रुळांवर उतरून शॉट घेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात पोरं मेलेली आहेत. कुठल्याही फिल्मसाठी रुळावर जाऊ नका.

निरोप स्टेशनबाहेरच्या रस्त्यावरही घेता येतो. हातात बॅग, मागे रिक्षा, वरून घोषणा आणि गाडीच्या भोंग्याचा आवाज. प्रेक्षक गाडी स्वतःच बघतो.

१४. नान्नजच्या माळावर हरणांसोबत शॉट मिळेल का?

नान्नजचा माळ म्हणजे माळढोक अभयारण्य. वन विभागाच्या वन्यजीव शाखेच्या लेखी परवानगीशिवाय आत शूट नाही, आणि ड्रोन तर मुळीच नाही. माळढोक हा जगातल्या सर्वांत दुर्मीळ पक्ष्यांपैकी एक आहे. तो आणि इतर कित्येक पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, पंधरा माणसांच्या पायांखाली काय जाईल ते कळणारही नाही. तुम्हाला गवताळ माळ हवा असेल तर शहराभोवती खासगी पडीक माळ भरपूर आहेत. मालकाला विचारा आणि तिथे घ्या.

१५. बंद पडलेल्या गिरणीत सीन करायचाय.

गिरण्या हा सोलापूरचा जीव होता, त्यामुळे हा प्रश्न येणारच आणि आला पाहिजे. पण बंद गिरणीची जागा कुणाची हे बऱ्याचदा गुंतागुंतीचं असतं. रखवालदाराने चहापाण्यावर आत सोडलं ही परवानगी नव्हे. जुनी छपरं, उघडे खड्डे, साप, गंजलेले जिने यांमुळे मालकाची लेखी परवानगी असली तरी पडक्या इमारतीत वरच्या मजल्यावर चढू नका. धुराडं बाहेरच्या रस्त्यावरून दिसतं. त्या धुराड्याखालून सायकलवर जाणारा म्हातारा कामगार जे सांगतो ते आतल्या भंगारातून सांगता येणार नाही.

१६. मित्राकडे ड्रोन आहे. एकच शॉट वरून घेतला तर?

आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरचा नकाशा बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. होटगी रस्त्यावरचा विमानतळ धरला तर शहराचा बहुतेक भाग त्यात येतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण ही बंदी त्यालाही आहे. आमचा अनुभव असा की विद्यार्थ्यांच्या फिल्ममधला ड्रोन शॉट काढून टाकला तरी काही बिघडत नाही. गच्चीवरून तोच शॉट घ्या, घरमालकाला विचारून.

१७. लोक जमतात, कॅमेऱ्यात बघतात, ‘काय शूटिंग चाललंय बे?’ म्हणून विचारतात. काय करायचं?

लोक विचारणारच, आणि त्यांची जागा तुम्ही तासभर वापरताय. नीट उत्तर द्या. लोकांशी बोलायला जो माणूस ठेवलाय (प्रश्न ९) त्याला मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर निम्मं काम झालं. पूर्व भागात ‘अण्णा’, ‘अक्का’ म्हणून हाक मारली की माणसं आपली होतात. कडेला दुकान असेल तर चहा तिथूनच घ्या, आणि दुकानाच्या तोंडावर स्टँड लावू नका.

तालीम दुसरीकडे करा, जागेवर फक्त टेक घ्या. ‘ॲक्शन’ ओरडू नका, हाताने खूण करा. पोरं जमली तर एक खोटा टेक करून त्यांना बघू द्या, पाच मिनिटांत कंटाळून जातात. कॅमेरा लांब ठेवून झूमने घेतलं तर मागची माणसं आपोआप स्वाभाविक वागतात.

मागून जाणाऱ्या गर्दीची प्रत्येकाची सही लागत नाही, पण ज्याचा चेहरा ओळखू येईल इतका जवळून घेताय त्याला विचारा. विड्या वळणाऱ्या बाया, उंबऱ्यात बसलेली म्हातारी, माग चालवणारा माणूस, यांना ‘अस्सल दिसतं’ म्हणून चोरून टिपू नका. बसा, बोला, काय करतोय ते सांगा. नाही म्हणाल्या तर नाही. फिल्म झाली की त्यांना दाखवायला परत जा.

१८. एक पात्र पोलीस आहे आणि खोटं पिस्तूलही आहे. चालेल?

प्रश्न १० मधल्या अर्जात हे स्पष्ट लिहा आणि ठाण्यात तोंडीही सांगा. गणवेश फक्त टेकच्या वेळी घालायचा, मध्ये वरून साधा शर्ट. त्या वेषात चहाला किंवा गाडीवरून जायचं नाही. पिस्तूल पिशवीत, आणि ते फक्त एकाच्या ताब्यात. सुरा, कोयता, मारामारी असेल तर भर रस्त्यात नकोच. लोक घाबरतात, कुणीतरी सोडवायला धावतो, कुणीतरी ११२ ला फोन करतो. बंद आवारात घ्या.

१९. सीनमध्ये लहान मुलगी आणि शेळी आहे. घरचीच आहेत, तरी काही लागतं का?

मुलांच्या बाबतीत बालकामगार नियमांनुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त तर नाहीच. आमच्या मते विद्यार्थ्यांच्या सीनला लहान मुलाचे दोन तास पुष्कळ झाले. आई किंवा वडील कॅमेऱ्याशेजारी बसलेले हवेत, आणि मुलाला खरोखर रडवून शॉट घ्यायचा नाही.

शेळी मागे चरत असेल तर प्रश्न नाही. तिच्याकडून काही करवून घ्यायचं असेल, ती पात्र असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. शक्यतो तसं लिहूच नका.

२०. मुलींच्या घरून ‘संध्याकाळी उशीर नको’ म्हणतात. कसं जमवायचं?

वेळापत्रक त्यांच्या घरच्यांना लेखी द्या: कुठे, किती वाजेपर्यंत, सोबत कोण शिक्षक, घरी कोण सोडणार. आणि ते पाळा. माळावर बाथरूम नसतं, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येते. जवळच्या घरी किंवा पेट्रोल पंपावर सोय आहे का हे रेकीलाच बघा. नसेल तर ती जागा रद्द. कपडे बदलायला गाडीत पडदा लावून द्या.

२१. खर्च आणि जेवण?

जेवणावर काटकसर नको, बाकी सगळीकडे करा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी उन्हात खराब होत नाही, पोट भरतं आणि झोप येत नाही. माणशी तीन-चार लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, टोप्या, प्रथमोपचाराचा डबा. कुणाची कातडी कोरडी-गरम लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर शूट थांबवून लगेच दवाखान्यात. पाणी पाजत वाट बघायची नाही.

२२. अर्धा सीन एका रविवारी झाला, उरलेला पंधरा दिवसांनी. जुळेल का?

शहरातल्या भिंतीपाशी जुळेल, तेच तास पाळले तर. शेतात अवघड आहे. जानेवारीत हुरड्याच्या वेळी ज्वारी माणसाच्या डोक्यावर असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होऊन तिथे नुसती धसकटं उरतात. शेतकऱ्याला काढणीची तारीख विचारा आणि शेत दिसणारे सगळे वाइड पहिल्याच दिवशी संपवा. शेत नंतर नसलं तरी क्लोजअप मागे आकाश धरून घेता येतात. ढगाळ दिवशी घेतलेला शॉट उन्हातल्या शॉटला जोडता येत नाही, त्यामुळे मध्येच ढग आले तर पात्राला झाडाखाली किंवा ओसरीत नेणारी एक ओळ संहितेत आधीच असू द्या.

२३. रात्रीचा सीन आहे आणि लाइट नाहीत.

दिवेलागणीला घ्या. सूर्य बुडाल्यावर साधारण वीस मिनिटं आकाशात निळा उजेड असतो आणि दुकानांचे, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. कॅमेऱ्यात ती रात्रच दिसते, आणि माणसांच्या मागे काळोखाची भिंत येत नाही. तालीम उजेडातच पूर्ण करा. रस्त्यावरचे दिवे १/५० किंवा १/१०० शटरला सहसा लुकलुकत नाहीत. तरी काही स्वस्त एलईडी लुकलुकतात, म्हणून रेकीला एक मिनिट शूट करून मोठ्या पडद्यावर बघा. मुलींना घरी पोचवण्याची वेळ (प्रश्न २०) या वीस मिनिटांनंतर लगेच धरा.

२४. टेकच्या मागे रिक्षात सिनेमाचं गाणं वाजत होतं. तसंच ठेवू का?

कॉलेजपुरतं दाखवायचं असेल तर कुणी अडवणार नाही. महोत्सवाला किंवा यूट्यूबवर टाकताना मात्र त्या गाण्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत, व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. शिवाय संवादाच्या मधोमध कट केला की गाणं तुटतं आणि जोड उघडा पडतो. रिक्षा जाईपर्यंत थांबा. नाहीच जमलं तर प्रश्न ७ मध्ये सांगितलेलं कॅमेऱ्याशिवायचं रेकॉर्डिंग आणि जागेचा एक मिनिटाचा आवाज वापरून ते वाक्य पुन्हा बसवा.